मुलांच्या पोटातला कर्करोग: पहिल्या शंकेपासून उपचारानंतरच्या तपासण्यांपर्यंत

कधीच पोट दुखलं नाही असं मूल शोधून सापडणार नाही. बद्धकोष्ठ, जंत, पोटाचा संसर्ग, परीक्षेचा ताण, नको असलेलं जेवण, सगळ्याचं गाऱ्हाणं मूल एकाच शब्दांत सांगतं: पोट दुखतंय. बहुतेक वेळा ते चार दिवसांत थांबतंही. अडचण अशी, की ज्या मोजक्या मुलांच्या पोटात खरोखर गाठ वाढत असते त्यांचं दुखणंही याच गर्दीत मिसळून जातं. मोठ्या आतड्याचा कर्करोग २० वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला जेमतेम एखाद्याला होतो. इतका विरळा आजार आईवडिलांच्या मनात येत नाही, आणि पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरांच्याही पटकन येत नाही. वेळ जातो तो इथेच.

म्हणून या लेखात दोन गोष्टींचा मी पुन्हा पुन्हा आग्रह धरणार आहे. दुखणं लिहून ठेवा. आणि गाठ आहे असं कळलं तर ती कुणाला, कधी आणि का कापू द्यायची हे ठरवायला योग्य टीम गाठा.

आधी एक वही करा

साधी शाळेची वही चालेल. मोबाइलमध्ये लिहिलं तरी हरकत नाही, पण वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवता येते. रोज दोन-तीन ओळी पुरेत. दुखलं का, किती वाजता, किती वेळ, झोपेतून उठून रडलं का. जेवण किती गेलं. शौचाला झालं का, कशी, कोणत्या रंगाची. उलटी झाली असेल तर तिचा रंग. आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत.

आणखी एक नोंद कराच: "एका बोटाने दाखव, कुठे दुखतंय?" असं विचारल्यावर बोट कुठे गेलं. साध्या पोटदुखीत मूल बहुधा बेंबीवर बोट ठेवतं, नाहीतर सगळ्या पोटावरून पंजा फिरवतं. दर वेळी बेंबीपासून दूर एकाच जागी बोट जात असेल तर ती खूण आहे. वहीत पोटाचं एक ओबडधोबड चित्र काढून त्यावर टिंब देत गेलात तर दोन आठवड्यांत चित्रच बोलायला लागतं.

"बरेच दिवस दुखतंय" हे वाक्य डॉक्टर दिवसातून वीसदा ऐकतात. "गेल्या ३ आठवड्यांत ११ वेळा दुखलं, त्यातले ५ वेळा रात्री झोपेतून उठवणारं, आणि वजन दीड किलोने उतरलं" हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस पेन खाली ठेवून तुमच्याकडे बघतो.

लहान मुलाचं पोट हाताने चाचपून बघायलाही शिकून घ्या. मूल उताणं झोपलेलं, गुडघे दुमडलेले, तुमचे हात चोळून उबदार केलेले. बोटांची टोकं रुतवायची नाहीत, बोटं सपाट ठेवून हलकेच सरकवायची. आधी उजव्या बरगडीखाली, मग डावीकडे, मग बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना. मूल श्वास सोडतं तेव्हा पोट मऊ पडतं, तो क्षण साधायचा. डावीकडे खाली मऊसर गोळे लागले, दाबल्यावर त्यांचा आकार बदलला आणि पोट साफ झाल्यावर ते नाहीसे झाले, तर तो साठलेला मळ. टणक, एका जागी बसलेली, पोट साफ होऊनही तशीच राहणारी वस्तू लागली तर हात थांबवा. पुन्हा पुन्हा दाबून खात्री करू नका, नातेवाइकांनाही दाबून बघू देऊ नका. पोटातल्या काही गाठी नाजूक असतात आणि फुटू शकतात. सरळ डॉक्टरांकडे जा.

कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचं नाही

सुटं एक लक्षण क्वचितच काही सांगतं. दोन-तीन एकत्र आली की चित्र बदलतं. वजन उतरणं किंवा वाढीच्या वयात ते महिनोन्‌महिने न वाढणं, चेहरा फिका पडणं, रोज संध्याकाळी अंगात कणकण, भूक मरणं, दोन घासांत पोट भरणं, हातपाय बारीक होत असताना पोट मात्र मोठं दिसणं. शौचाची सवय बदलून आठवडे उलटणं. कावीळ, आणि तिच्यासोबत पांढुरकी शी व गडद लघवी. किंवा वर सांगितलेली टणक गाठ. यातलं काही असेल तर एका आठवड्याच्या आत तपासणी व्हायला हवी. गाठ हाताला लागली असेल तर दोन दिवसही थांबू नका.

हिरवी उलटी, शौचातून भरपूर रक्त, फुगून लाकडासारखं कडक झालेलं पोट, शौच आणि गॅस दोन्ही बंद, किंवा गळून गेलेलं, जागं न राहणारं मूल, ही मात्र त्याच तासाची कामं आहेत. तिथे वही, वजन काही बघायचं नाही, थेट तातडीच्या विभागात न्यायचं.

शौचातल्या रक्ताने आईवडील सर्वांत जास्त घाबरतात, तेव्हा त्याबद्दल नीट सांगते. २ ते १० वर्षांच्या मुलात न दुखता लालभडक रक्त पडत असेल तर बहुधा कडक शौचाने पडलेली चीर निघते, नाहीतर एखादा सुटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब. हा सुटा पॉलिप कर्करोग नसतो. दुर्बिणीतून तो काढला की विषय संपतो. पॉलिप अनेक असले किंवा घरात कुणाला तरुणपणी आतड्याचा कर्करोग झालेला असला तर गोष्ट वेगळी. त्याकडे पुढे येते.

किशोरवयीन मुलांची अडचण निराळी आहे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शौचातलं रक्त लाजेने महिनोन्‌महिने सांगत नाही. मुलगी पोटातला जडपणा पाळीच्या खात्यावर टाकते, आणि आईही तेच करते. या वयात अंदाज बांधत बसू नका, स्पष्ट विचारा: शौचात रक्त दिसतं का? दरवाजा बंद करून, एकट्याने, नजरेला नजर न देता विचारलंत तरी चालेल, गाडीत शेजारी बसून विचारणं सगळ्यांत सोपं. आणि मुलाच्या रक्तात लोह कमी निघालं, कारण सापडलं नाही, तर नुसत्या गोळ्या देऊन गप्प बसू नका. रक्त कुठून तरी जातंय का, हे शोधायलाच हवं.

एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हा प्रश्न विचारा: "डॉक्टर, हे बद्धकोष्ठ किंवा जंत नसतील तर दुसरं काय असू शकतं? सोनोग्राफी करून बघावी का?" यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नावर थांबून विचार करतो.

गाठी सगळ्या एका जातीच्या नसतात

मोठ्यांच्या पोटाच्या कर्करोगाबद्दल जे ऐकलेलं असतं ते मुलांना बहुतांशी लागू होत नाही. हे पक्कं समजलं तर निम्मी घबराट आणि बरेचसे चुकीचे सल्ले आपोआप बाजूला पडतात.

मुलांच्या आतड्यात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे लिम्फोमा, पांढऱ्या रक्तपेशींच्या एका जातीचा कर्करोग, त्यातही बर्किट लिम्फोमा. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने १९५८ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं वर्णन केलं, त्याचं नाव या आजाराला मिळालं. पोटात तो बहुधा लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या उजव्या कोपऱ्यात वाढतो. वेग असा, की एक-दोन दिवसांत पेशी दुप्पट होऊ शकतात. कधी तो अपेंडिक्ससारखा दुखतो, कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकतो. आतडं असं आत शिरणं तान्ह्या आणि अगदी लहान मुलांत बहुधा साध्या कारणाने घडतं. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलात घडलं तर मागे गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं. या आजाराची जमेची बाजूही त्याच्या वेगातच आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी केमोथेरपीला तितक्याच झपाट्याने मरतात, आणि वेळेवर पूर्ण उपचार मिळालेली बहुतेक मुलं बरी होतात. मात्र इथे आठवडे नाही, दिवस मोजायचे असतात.

यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, वयाप्रमाणे दोन वेगळे आजार दिसतात. ३ वर्षांच्या आतल्या बाळात हेपॅटोब्लास्टोमा. दीड किलोपेक्षा कमी वजनाची, फार लवकर जन्मलेली बाळं आणि बेकविथ-विडमन सिंड्रोम (शरीराची जन्मजात अतिवाढ) असलेली बाळं यांना त्याचा धोका जास्त. अंघोळ घालताना उजव्या बरगडीखाली हाताला लागलेला फुगवटा, हीच पुष्कळदा याची पहिली बातमी असते. बाळ एरवी हसतंखेळतं असतं. किशोरवयात मात्र मोठ्यांच्या जातीचा यकृताचा कर्करोग होतो, आणि त्यामागे काही वेळा जन्मापासून शरीरात राहिलेला हिपॅटायटिस बी असतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. पुढच्या दशकात तिथल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचायची ही लस कर्करोग टाळणारी लस आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

मोठ्या आतड्याचा कार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या अस्तरातून उठणारा कर्करोग, मुलांत विरळा, पण कठीण. तो उशिरा सापडतो आणि मुलांमधली त्याची पेशींची जात बरेचदा जास्त आक्रमक असते. स्वादुपिंडाची सॉलिड स्यूडोपॅपिलरी नावाची गाठ बहुधा किशोरवयीन मुलींत होते आणि पूर्ण काढली की बहुतेक वेळा पुरेसं होतं. जठरातली जिस्ट नावाची गाठ मुलांत, विशेषतः मुलींत, आतून रक्त झिरपवून ॲनिमिया करते. मोठ्यांना लागू पडणारी इमॅटिनिबची गोळी या मुलांना बहुधा लागू पडत नाही. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये अचानक "न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर" असा शब्द वाचून आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि पूर्ण निघाली असेल तर अपेंडिक्स काढणं हाच बहुधा पूर्ण उपचार ठरतो. तो रिपोर्ट तज्ज्ञांना दाखवा, पण त्या रात्री झोपा.

तपासण्या कोणत्या क्रमाने

सुरुवात सोनोग्राफीने. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, आणि गाठ कोणत्या अवयवातून निघाली आहे याचा पहिला अंदाज तिथेच मिळतो. पोटातली गाठ मूत्रपिंडाची किंवा त्याच्या वरच्या ग्रंथीचीही असू शकते, आणि तिचे उपचार अगदी वेगळे असतात. सोबत रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन आणि पेशी, यकृत व मूत्रपिंड, एलडीएच (पेशी मोडताना रक्तात उतरणारं एक एन्झाइम), युरिक ॲसिड, आणि यकृतात गाठ असेल तर अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन, ज्याला सगळे एएफपी म्हणतात. हेपॅटोब्लास्टोमाच्या दहापैकी नऊ मुलांत एएफपी वाढलेलं असतं आणि पुढे उपचार लागू पडतोय का हे त्याच्या उतरत्या आकड्यांवरून समजतं. पण नवजात बाळात ते निसर्गतःच हजारोंच्या घरात असतं आणि पहिल्या वर्षात हळूहळू खाली येतं. तीन महिन्यांच्या बाळाचा आकडा मोठ्यांच्या तक्त्याशी ताडून रडू नका. वयाप्रमाणे नॉर्मल किती, ते विचारा.

पुढे एमआरआय किंवा सीटी स्कॅन, छातीचा सीटी, लिम्फोमात पेट-स्कॅन, हाडाच्या मगजाची आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी, आतड्याचा आजार असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी. लहान मुलांना यातल्या बऱ्याच तपासण्यांसाठी भूल किंवा झोपेचं औषध लागतं, म्हणून उपाशी किती तास ठेवायचं हे लेखी घ्या आणि शक्य तितक्या गोष्टी एकाच भुलेत उरकता येतील का, ते विचारा.

आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. "सुई टोचली की कर्करोग पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. नेमकं निदान झाल्याशिवाय नेमका उपचार ठरत नाही. लिम्फोमाची शंका असताना बायोप्सीआधी कोणतंही स्टिरॉइड दिलं जाऊ नये, हे मात्र लक्षात ठेवा. भूक लागावी, दमा थांबावा, सूज उतरावी म्हणून सहज लिहून दिलेलं स्टिरॉइडही गाठ तात्पुरती विरघळवतं. मग सुईत निदानाला पुरेशा पेशी येत नाहीत, आणि अचानक मेलेल्या पेशींचा कचरा मूत्रपिंडावर येऊन आदळतो. तुमच्या मुलाला आधीच ते दिलं गेलं असेल तर लपवू नका, औषधाचं नाव आणि तारीख वहीत लिहून टीमला दाखवा.

बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, म्हणजे मेणात जपलेला तुकडा आणि काचेवरचे त्याचे काप, तुमच्या मुलाचे आहेत. मुलांच्या गाठी रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्यायचं असेल तर त्या मागून घ्या. इतक्या दुर्मिळ आजारात हे दुसरं मत घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाकूची घाई नको

पोटात गाठ आहे हे ऐकल्यावर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येतं: आधी काढून टाका. समजण्यासारखं आहे. पण मुलांच्या बऱ्याच गाठींत हीच मोठी चूक ठरू शकते. बर्किट लिम्फोमात पोट उघडून गाठ काढण्याने सहसा काही साधत नाही. आतडं अडकलं किंवा फाटलं असेल तर ऑपरेशन लागतंच, नाहीतर बायोप्सी आणि लगेच केमो. मोठं ऑपरेशन केलं तर जखम भरेपर्यंत केमो लांबतो आणि तेवढ्या दिवसांत आजार धावतो. हेपॅटोब्लास्टोमात बऱ्याच मुलांना आधी सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे डोस देऊन गाठ आकसवतात, मग काढतात. यकृताचे चार भाग धरून किती भाग गाठीपासून मोकळे आहेत हे मोजण्याची प्रीटेक्स्ट नावाची पद्धत आहे. तुमच्या मुलाचा प्रीटेक्स्ट आकडा विचारा. १ ते ४ मधला हा आकडा ऑपरेशन कितपत सोपं आहे ते सांगतो. चारही भागांत गाठ असेल तर यकृत प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राशी बोलणं पहिल्या केमोच्या सुमारासच सुरू व्हायला हवं. केमो संपल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

केंद्र निवडताना इमारत बघू नका, माणसं बघा. मुलांचे कर्करोगतज्ज्ञ, मुलांचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून, म्हणजे ट्यूमर बोर्डात, तुमच्या मुलाबद्दल चर्चा करतात का? हा आजार याआधी किती मुलांत हाताळला आहे? मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का? रात्री दोन वाजता ताप आला तर कोणत्या नंबरवर कोण बोलेल? चार सरळ प्रश्न, आणि उत्तरं वहीत.

केमो सुरू होण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत काही गोष्टी हातातून निसटतात, त्या आधीच मागून घ्या. सिस्प्लॅटिन असेल तर श्रवणचाचणी. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध असेल तर हृदयाचा इको. हिपॅटायटिस बीची तपासणी. बर्किटसारख्या आजारात जी-६-पीडी या लाल रक्तपेशींतल्या एन्झाइमची तपासणी, कारण युरिक ॲसिड उतरवणारं रॅसब्युरिकेस हे औषध ते एन्झाइम कमी असलेल्या मुलांना चालत नाही. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल, मुलीच्या अंडाशयाच्या ऊतीबद्दल विचारा. सोळा वर्षांच्या मुलासमोर हा विषय काढताना सगळेच अवघडतात. पण दहा वर्षांनी "तेव्हा मला कुणी विचारलंच नाही" हे ऐकणं त्याहून अवघड.

पैसा, राहायची सोय, दुसऱ्या भावंडाची शाळा, नोकरीची रजा, या सगळ्याबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवकाशी पहिल्याच आठवड्यात बोला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. संघटनेच्याच म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत कर्करोगाची ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. या दरीमागे उशिरा निदान आहे, औषधांचा तुटवडा आहे, तसंच उपचार अर्ध्यात सोडणंही आहे. गाठ हाताला लागेनाशी झाली, मूल खेळायला लागलं, की कुटुंब घरी निघून जातं. उरलेले डोस न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात.

मुलाला काय सांगायचं

खरं सांगायचं, वयाला पेलेल तेवढं. चार वर्षांच्या मुलाला "पोटात एक गोळा झालाय, तो घालवायला औषध सलाइनमधून द्यायचंय, आई सोबत असेल" एवढं पुरतं. दहा वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव सांगा, कारण ते त्याला शेजारच्या पलंगावरून कळणारच आहे. किशोरवयीन मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायची वेळ द्या. तीन वाक्यं मात्र प्रत्येकाला, भावंडांनासुद्धा, मोठ्याने म्हणून दाखवा: हे तुझ्या कुठल्याही वागण्याने झालेलं नाही. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. तुला काहीही विचारायचं असेल तर विचार, आम्ही खोटं बोलणार नाही. "मी दूध टाकून देत होते म्हणून झालं का?" असे प्रश्न मुलं मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत.

"सुई दुखणार नाही" असं कधी म्हणू नका. "थोडं दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत" असं म्हणा, आणि खरोखर दहा मोजा.

केमो चालू असताना घरी

फ्रीजच्या दारावर एकच ओळ मोठ्या अक्षरांत चिकटवा: ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, झाला की लगेच फोन आणि निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप ही आणीबाणी असते. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, यात जीव जातात. ताप काखेत किंवा कानात मोजा, गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा किंवा औषधाची वडी घालू नका. प्लेटलेट कमी असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ तुमचं मूल बसलं होतं असं कळलं तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. जिवंत जंतूंच्या लसी या काळात रुग्ण मुलाला देत नाहीत. घरातल्या इतरांनी फ्लूची लस घ्यावी.

सिस्प्लॅटिन कान खातं; आधी पक्ष्यांचा चिवचिवाट, घड्याळाचा बीप असे उंच पट्टीचे आवाज जातात आणि लहान बाळात ते लवकर लक्षातही येत नाही. सोडियम थायोसल्फेट नावाचं औषध सिस्प्लॅटिननंतर ६ तासांनी दिलं तर हा धोका कमी होतो. पसरलेला आजार नसलेल्या हेपॅटोब्लास्टोमाच्या मुलांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐकू कमी येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. तुमच्या मुलाला ते चालेल का, हे पहिल्या डोसाआधी विचारायचं, नंतर नाही. व्हिंक्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून शौच मऊ ठेवायचं औषध दुसऱ्या दिवसापासूनच. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी, थंड वस्तू, थंड वारा यांनी बोटांत आणि घशात सुया टोचल्यासारखं होतं. मूल अचानक "घसा बंद झाला" म्हणून घाबरतं, तेव्हा हे आधी सांगून ठेवा.

जेवणाचं युद्ध करू नका. ताजं, पूर्ण शिजवलेलं, थोडंथोडं, मागेल तेव्हा. तोंड आलं असेल तर मऊ आणि कोमट. वजन उतरतच राहिलं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर तिला हार समजू नका. नळी लागल्यावर ताटावरची रडारड संपते आणि औषधंही तीतूनच जातात. बाहेरून कुणी सुचवलेला काढा, पावडर, पूरक गोळी काहीही असो, टीमला दाखवल्याशिवाय देऊ नका.

आतड्याच्या ऑपरेशननंतर काही मुलांच्या पोटावर स्टोमा असतो: आतड्याचं टोक पोटावर उघडलेलं, लालसर, ओलसर, गालाच्या आतल्या त्वचेसारखं. पहिल्यांदा बघताना आईचे हात थरथरतात. त्यात दुखण्याची जाणीव नसते, हे आधी स्वतःला सांगा. पिशवी सकाळी, खाण्याआधी बदला, तेव्हा ती शांत असते. जुनी पिशवी खेचून काढायची नाही. एका हाताने त्वचा दाबून धरायची आणि दुसऱ्याने चिकटपट्टी हळूहळू सोलायची. कोमट पाणी, मऊ कापड, साबण नको, तेल-क्रीम तर नकोच, नाहीतर नवी पिशवी चिकटत नाही. त्वचा पूर्ण कोरडी करून, पट्टीचं भोक स्टोमाभोवती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोकळं राहील इतकंच कापायचं, आणि लावल्यावर तळहात मिनिटभर वर ठेवायचा. उबेने ती नीट बसते. स्टोमा जांभळा-काळा पडला किंवा त्यातून बाहेर येणं बंद झालं तर लगेच रुग्णालय. किशोरवयीन मुलाला दुसऱ्या आठवड्यापासून हे स्वतः करू द्या, तुम्ही फक्त कापड धरा.

घराण्यातला धागा

मुलाला आतड्याचा कार्सिनोमा किंवा बरेच पॉलिप निघाले तर तपासणी त्याच्यापाशी थांबत नाही. वहीचं एक पान घराच्या वंशवृक्षाला द्या: आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशा, त्यांची मुलं, कुणाला कोणता कर्करोग, कोणत्या वयात, कुणाचे पॉलिप काढले. ते पान घेऊन अनुवंशतज्ज्ञांना भेटा.

एफएपी या आनुवंशिक आजारात आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि आतडं वेळेवर काढलं नाही तर पुढे कर्करोग जवळपास अटळ असतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. काही मुलांत मात्र जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, घरात कुणालाच नसतो. अशा मुलांची कोलोनोस्कोपी साधारण १० ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू करतात. एफएपीच्या घरात हेपॅटोब्लास्टोमाही दिसतो, म्हणून ती गाठ झालेल्या बाळाच्या आईवडिलांना घरातल्या आतड्याच्या आजारांबद्दल विचारतात. ओठांवर आणि तोंडाच्या आत काळपट ठिपके असतील तर प्यूट्झ-जेघर्स सिंड्रोमचा विचार होतो. त्यात पहिली दुर्बीण तपासणी ८ व्या वर्षाच्या सुमारास. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे बरेच डाग आणि एकाच मुलात आतड्याचा, मेंदूचा किंवा रक्ताचा कर्करोग, अशी सांगड दिसली तर दोन्ही पालकांकडून आलेल्या दोषाची शंका घ्यावी लागते आणि प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते.

इथे एकमेकांवर दोष ढकलणं सुरू होतं: तुमच्या घराण्यातून आलं. जनुकं कुणी निवडून देत नाही. त्या निदानाचा खरा उपयोग धाकट्या भावंडाला आहे, गाठ व्हायच्या आधीच त्याची दुर्बीण तपासणी सुरू करता येते.

उपचार संपल्यावर

शेवटचा डोस झाला की घरात दिवाळी असते आणि आईवडिलांना नेमकी तेव्हाच झोप लागत नाही. दर आठवड्याला कुणीतरी बघत होतं, आता कुणी बघत नाही. तारखांचा तक्ता लेखी घ्या. यकृताच्या गाठीत सुरुवातीला साधारण दर महिन्याला एएफपी आणि ठरावीक अंतराने सोनोग्राफी किंवा एमआरआय. सिस्प्लॅटिन घेतलेल्या मुलाची श्रवणचाचणी पुढची काही वर्षं, शाळेत पहिल्या बाकावर बसवायची विनंती आणि गरज पडली तर श्रवणयंत्र. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्याचा इको तरुणपणीही. उंची, वजन, वयात येणं. यकृत बदललेलं असेल तर रोजच्या गोळ्या, न चुकता. त्या चुकतात सर्वांत जास्त किशोरवयात.

बुडालेल्या लसी केव्हा भरून काढायच्या, हे टीमला विचारून मगच. शाळेत परत पाठवताना वर्गशिक्षकांशी आधी बोला: केस का गेले, स्वच्छतागृहाला कधीही का जाऊ द्यायचं, थकवा म्हणजे आळस का नाही. आणि पुन्हा पोट दुखलं, जे दुखणारच, तर घाबरून त्याच रात्री स्कॅनला धावू नका. वही उघडा, बोट कुठे जातंय ते बघा, आठवडाभर लिहा, आणि वरच्या खुणांपैकी काही दिसली तर लगेच कळवा.

मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की त्या वहीची एक पानाची नक्कल त्याच्या हातात द्या: आजाराचं नाव, निदानाची तारीख, कोणती केमो औषधं आणि एकूण किती डोस, कोणतं ऑपरेशन, कोणत्या तपासण्या किती वर्षांनी. त्याला ती औषधांची नावं तोंडाने म्हणता यायला हवीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या खोलीत आधी त्याला एकट्याला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आत बोलावलं तर जा.